फीनिक्स बागेतील खून आणि पार्लमेंटातील पक्ष



22 जून 1897 च्या रात्री पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट ह्या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या, ही हकीकत आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक असेल. चापेकर बंधूंची नावे तर शाळेतील मुलेही सांगतात. परंतु त्या रात्रीनंतरचे पाच-सहा आठवडे पुण्याच्या सार्वजनिक पुढाऱ्यांना कसे गेले असतील, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. गोळी झाडणारे सापडले नव्हते. म्हणून सारा रोख बोलणाऱ्यांवर व लिहिणाऱ्यांवर वळला होता. तुम्ही ह्या कृत्याचा निषेध करता की नाही? आणि करीत असाल, तर तो मनापासून करता की भीतीने?

मी शाळेत इतिहास शिकवीत असताना हा भाग आला की एखादा चौकस मुलगा विचारी, ‘‘गुरुजी, निषेध केला तरी तो कोणी खरा मानीत नाही आणि न केला तर तुरुंगात घालतात, मग माणसाने करावे तरी काय?’’ पाठ्यपुस्तकात ह्याचे उत्तर नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर माझ्याजवळही नव्हते. पुढे नरसिंह चिंतामण केळकरांचे आयर्लंडच्या इतिहासावरील पुस्तक हाती आले आणि असे दिसले की, पुण्याच्या पंधरा वर्षे आधी हाच प्रश्न डब्लिन व लंडन येथे विचारला गेला होता. तो एका माणसाला नव्हे, तर तीन मोठ्या पक्षांना विचारला गेला. त्याचा निकाल लागावयास आठ वर्षे लागली. म्हणून आज ती कथा आपणांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. आयर्लंडची जमीन बव्हंशी जमीनदारांच्या हाती होती आणि शेतकरी हा केवळ कूळ होता. 1879 साली पीक बुडाले, खंड थकले, कुळांना घराबाहेर काढण्याचा सपाटा सुरू झाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात डब्लिन येथे ‘लँड लीग’ ह्या संस्थेची स्थापना झाली. तिचा खरा जनक मायकेल डॅव्हिट. लहानपणी गिरणीच्या यंत्रात ह्या माणसाचा उजवा हात गेला होता, आणि गुप्त क्रांतिकारी मंडळात काम केल्याबद्दल त्याने सात वर्षे तुरुंगवास भोगला होता. लीगचा अध्यक्ष चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल. हा स्वतः जमीनदार, धर्माने प्रॉटेस्टंट, स्वभावाने थंड व अबोल. आणि तरीही कॅथॉलिक कुळांचा तो मुकुटमणी झाला. इतिहासाला अशा विसंगतींची हौस असते. आपण बहिष्काराला इंग्रजीतून घेतलेला ‘बॉयकॉट’ हा जो शब्द वापरतो, तो ह्याच चळवळीत 1880 साली मेयो परगण्यातील बॉयकॉट नावाच्या एका कारभाऱ्यावरून रूढ झाला.

लीगचा उघड मार्ग बहिष्काराचा होता. परंतु तिच्या सावलीत रात्री-बेरात्री गुरे मारणे, गंजी पेटविणे, प्रसंगी माणसावर गोळी घालणे हेही चालू होते. लिबरल पक्षाचे सरकार व त्याचे मुख्य प्रधान ग्लॅडस्टन ह्यांनी एका हाताने 1881 चा जमीन कायदा दिला व दुसऱ्या हाताने दडपशाहीचा कायदा आणला. त्या कायद्याखाली 13 ऑक्टोबर 1881 रोजी पार्नेलला धरून डब्लिनच्या किल्मेनहॅम तुरुंगात टाकण्यात आले. लीगही बेकायदा ठरली. परिणाम उलटाच झाला. ताब्यात ठेवणारा पुढारी आत गेला आणि बाहेर निशाचरांना रान मोकळे मिळाले.

अखेर दोन्ही बाजूंना शहाणपण सुचले. 1882 च्या एप्रिलात मध्यस्थामार्फत बोलणी झाली. खंड थकलेली एक लाखाहून अधिक कुळे जमीन कायद्याच्या लाभाबाहेर राहिली होती. त्यांची थकबाकी मिटविण्याची तजवीज सरकारने करावी, दडपशाही सैल करावी, आणि पार्नेलने आपले वजन खर्च करून देशातील दांडगाई थांबवावी, असा तो समझोता होता. लेखी करार असा झाला नाही. परंतु इतिहासात तो ‘किल्मेनहॅमचा तह’ म्हणून ओळखला जातो. 2 मे रोजी पार्नेल सुटला. आयर्लंडचा कारभार पाहणारे मंत्री फॉर्स्टर ह्यांना हा तह पटला नाही. त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. त्यांच्या जागी लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश ह्यांची नेमणूक झाली. हा गृहस्थ सौम्य, सरळ, कोणाचे वैर नसलेला. त्याची पत्नी ग्लॅडस्टनच्या पत्नीची भाची. आणि त्याचा वडील भाऊ लॉर्ड हार्टिंग्टन त्या वेळी मंत्रिमंडळात हिंदुस्थानचा स्टेट सेक्रेटरी, म्हणजे आपल्याच देशाचा लंडनमधील कारभारी होता.

शनिवार, 6 मे 1882. नवे व्हाइसरॉय लॉर्ड स्पेन्सर ह्यांची स्वारी समारंभाने डब्लिनमध्ये शिरली. कॅव्हेंडिश त्याच दिवशी आला होता. दिवसभराची कामे उरकून सायंकाळी तो फीनिक्स बागेतून पायी आपल्या निवासाकडे निघाला. ही बाग म्हणजे फुलझाडांचा ताटवा नव्हे. डब्लिनच्या कडेला पसरलेले ते विस्तीर्ण कुरण आहे, आणि व्हाइसरॉयचा वाडा त्यातच आहे. वाटेत सरकारचे कायम चिटणीस टॉमस बर्क ह्यांची भाडोत्री गाडी मागून आली. कॅव्हेंडिशला पाहून ते उतरले आणि दोघे बोलत चालू लागले. सात वाजून गेले होते, पण उजेड चांगला होता. काही इसमांनी त्यांना गाठले व शस्त्रवैद्याच्या लांब सुऱ्यांनी दोघांना ठार केले. समोरच्या वाड्याच्या खिडकीतून लॉर्ड स्पेन्सरला काही झटापट दिसली. दारूड्यांची मारामारी असेल असे त्याला वाटले.

मारेकरी ‘इन्व्हिन्सिबल’ म्हणजे ‘अजिंक्य’ नावाच्या एका छोट्या गुप्त टोळीतील होते. त्यांना बर्क पाहिजे होता. बर्क हा स्वतः आयरिश, कॅथॉलिक, आणि वर्षानुवर्षे डब्लिनच्या सरकारी किल्ल्यात बसून कारभार हाकणारा. म्हणून त्यांच्या लेखी तो देशद्रोही. कॅव्हेंडिशला तर त्यांनी ओळखलेही नव्हते. जो मनुष्य समझोता अमलात आणावयास आला, तो पाय ठेवल्यापासून बारा तासांच्या आत मेला.

आणि योगायोग पाहा. त्याच शनिवारी डॅव्हिटची इंग्लंडातील पोर्टलंड तुरुंगातून सुटका झाली होती. पार्नेल, डिलन वगैरे मंडळी त्याला आणावयास गेली होती. आगगाडीतून लंडनकडे येताना पुढील कार्याचे बेत चालले होते. रात्री व दुसऱ्या दिवशी पहाटे तारा येऊ लागल्या. रविवारी सकाळी वेस्टमिन्स्टरच्या एका हॉटेलात हे पुढारी एकत्र बसले, तेव्हा पार्नेल पार खचला होता. कोणी मागून येऊन अशा सुऱ्या खुपसणार असेल तर उघड चळवळ चालवावयाची तरी कशी, अशा अर्थाचे तो बोलल्याचे डॅव्हिटने पुढे लिहून ठेविले आहे.

ह्या रविवारी त्यांनी काय केले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यांनी एक जाहीरनामा काढला व त्यावर पार्नेल, डिलन व डॅव्हिट अशा तिघांनी सह्या केल्या. मजकूर बव्हंशी डॅव्हिटचा. तो सरकारला उद्देशून नव्हता. इंग्लिश पत्रांना खुलासा म्हणूनही नव्हता. तो ‘आयर्लंडच्या लोकांस’ असा होता. आपल्या देशाच्या पन्नास वर्षांच्या झगड्यात आपल्या आतिथ्यशील नावाला इतका मोठा डाग कधी लागला नव्हता. एका स्नेहभावाने आलेल्या परक्याचा हा भ्याड खून आहे. आणि मारेकऱ्यांना शासन होईपर्यंत तो डाग पुसला जाणार नाही, असा त्याचा आशय होता. गावोगाव त्याच्या प्रती भिंतींवर लागल्या.

माझ्या मते ह्या कागदाचे महत्त्व त्याच्या पत्त्यात आहे. सरकारी दरबारात जाऊन ‘आम्ही तसे नव्हे हो’ असे सांगणे सोपे असते. आपल्याच माणसांना, ज्यांच्यापैकी काहीजण मनात खूश झाले असतील त्यांना, ‘हे वाईट झाले, मारेकऱ्यांना शिक्षा झाली पाहिजे’ असे तोंडावर सांगणे निराळे. विशेषतः ज्याने स्वतः सात वर्षे क्रांतिकारक म्हणून तुरुंगात काढली, त्या डॅव्हिटने ‘शिक्षा झाली पाहिजे’ हे शब्द लिहावेत, ही लहानसहान गोष्ट नव्हे. तथापि त्या कागदात एक फट राहिली होती. दोघांचीही नावे त्यात होती, परंतु शोकाचा भर त्या निरपराध परक्यावर, म्हणजे कॅव्हेंडिशवर होता. बर्कविषयी विशेष शब्द नव्हता. ही फट पाच वर्षांनी एका लबाडाने बरोबर हेरली. ते पुढे येईलच.

जाहीरनामा काढून पार्नेल थांबला नाही. त्याने ग्लॅडस्टनकडे निरोप पाठविला की, माझ्या राजीनाम्याने आपली अडचण दूर होत असेल तर मी पार्लमेंटातून व राजकारणातून बाजूला होतो. ग्लॅडस्टनने तसे न करण्याचा सल्ला दिला. म्हाताऱ्याच्या घरात सुतक होते. विधवा झालेल्या भाचीने, ‘त्यांना तिकडे पाठविल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका’ असे त्यालाच उलट धीर दिला होता. ह्या बाईने लॉर्ड स्पेन्सरलाही पत्र लिहिले, त्याचा भाव असा की, देशातील दुष्ट वृत्ती शमणार असेल तर माझ्या पतीचा बळी गेल्याचा मला विषाद वाटणार नाही. खुनानंतर ज्यांनी तोंड उघडले, त्यांत मला ह्या बाईचे शब्द सर्वांत मोठे वाटतात. आणि ती तर कोणत्याच पक्षाची पुढारी नव्हती.

सोमवारी, 8 मे रोजी कॉमन्स सभा भरली. ग्लॅडस्टनला धड बोलवेना. पार्नेल काळ्या पोशाखात उठला व थोडक्यात निषेध करून बसला. जाता जाता त्याने एक गोष्ट सांगितली : ज्यांनी हे केले ते आमच्या कार्याचे कट्टर शत्रू आहेत, आणि सरकारला आता पुन्हा दडपशाहीकडे वळावे लागेल अशी मला भीती वाटते. राजीनामा दिलेल्या फॉर्स्टरनेही ह्या प्रसंगी मोठेपणा दाखविला. ‘जागा रिकामी आहे, तर मी तात्पुरता डब्लिनला परत जातो’ असे त्याने सरकारला कळविले. मारेकऱ्यांनी पूर्वी त्याच्यावरच पाळत ठेविली होती, हे नंतर उघडकीस आले. कॅव्हेंडिशच्या अंत्यविधीला पार्लमेंटचे सुमारे 300 सभासद गेले होते. दोन-तीन दिवस सर्व पक्ष एका घराप्रमाणे वागले.

मग राजकारण सुरू झाले. 11 मे रोजी, म्हणजे अंत्यविधीच्याच दिवशी, गृहमंत्री हार्कोर्टने गुन्हे-प्रतिबंधक बिल मांडले. ज्युरीवाचून तीन न्यायाधीशांपुढे खटले, घरझडतीचा अधिकार, सभाबंदी, आणि मुदत तीन वर्षे, असा तो कडक कायदा होता. जुलैत तो पास झाला. ज्या पक्षाने आठ दिवसांपूर्वी दडपशाही सैल करण्याचे कबूल केले, त्यानेच ती दुप्पट आवळली. लोकांच्या संतापापुढे सरकारचा इलाज नव्हता, असे म्हणता येईल. परंतु लिबरल पक्षाच्या बाजूने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. समझोत्याचा दुसरा भाग, थकबाकीचा कायदा, तोही त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट 1882 मध्ये, मंजूर झाला. पुतण्यासारख्या जावयाच्या रक्ताचा सूड म्हणून गरीब कुळांचा घास काढून घेण्याचा मोह ग्लॅडस्टनला झाला नाही. सुरी चालविणाऱ्यांची इच्छा समझोता मोडण्याची असेल, तर ती निम्मीच पुरी झाली.

पार्नेलने त्या बिलाला पार्लमेंटात विरोध केला. लगेच हुजूर पक्षाची पत्रे ओरडू लागली की, पाहा, निषेध करतो आणि गुन्हेगार पकडण्याचा कायदा अडवितो! पुण्यातही पुढे हेच घडले नाही काय? ‘केसरी’ने रँडच्या खुनाचा निषेध केला, परंतु त्याबरोबर शहरावर बसविलेल्या जादा पोलिसांवर व सरकारच्या बेफाम धोरणावर कडक टीका केली, आणि तेवढ्यावरून निषेध खोटा ठरविण्यात आला. 27 जुलै 1897 रोजी टिळकांना अटक झाली व सप्टेंबरात अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. खटला खुनाचा नव्हता, लिखाणाचा होता; पण हवा खुनाचीच होती. त्याच सुमारास गोखले विलायतेहून परतले. प्लेगच्या सोजिरांविषयी तेथे त्यांनी केलेले आरोप त्यांना पुराव्याने शाबीत करता येईनात, कारण पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगणे म्हणजे त्यांना संकटात लोटणे होते. त्यांनी बिनशर्त माफी मागितली, आणि स्वकीयांचेच कडू बोल पुढे कित्येक वर्षे ऐकले. एकाने शब्द मागे घेतले नाहीत, दुसऱ्याने घेतले. सुख दोघांनाही लाभले नाही.

पार्नेलकडे परत वळू. पुढील काही महिन्यांत त्याने जे केले ते भाषणांहून बोलके आहे. त्याची बहीण ॲना हिने पुरुष पुढारी तुरुंगात असताना स्त्रियांची लँड लीग चालविली होती. ती अधिक जहाल होती. ऑगस्टात पार्नेलने तिचा पैसा बंद करून ती मोडून टाकली. बहिणीने त्याच्याशी पुन्हा कधी अबोला सोडला नाही, असे सांगतात. ऑक्टोबर 1882 मध्ये जुन्या लीगच्या जागी ‘नॅशनल लीग’ निघाली. तिची सूत्रे पार्लमेंटातील पक्षाच्या हाती ठेवण्यात आली व रोख जमिनीवरून स्वराज्याकडे वळविण्यात आला. हे त्याने केवळ खुनाच्या धक्क्याने केले, की त्याच्या मनात आधीच होते व खुनाने निमित्त मिळाले, ह्यावर इतिहासकारांत एकमत नाही. मला दोन्ही खरे वाटते. डॅव्हिटला मात्र जमिनीचा प्रश्न मागे पडल्याचे दुःख राहिले.

1883 च्या फेब्रुवारीत मारेकऱ्यांची टोळी कोर्टापुढे आली. तिच्यातील जेम्स केरी, जो डब्लिन म्युनिसिपालिटीचा सभासद होता, माफीचा साक्षीदार झाला. त्या वर्षी मे-जूनमध्ये पाचजणांना किल्मेनहॅम येथे फाशी देण्यात आले. केरीचेही बरे झाले नाही. सरकारने नाव बदलून त्याला दक्षिण आफ्रिकेस पाठविले असता जुलैत जहाजावरच एका आयरिशाने त्याला गोळी घातली. पुण्यातील द्रविड बंधूंची आठवण येथे कोणालाही होईल. परंतु केरीच्या साक्षीतून पार्नेलच्या पक्षाला झोंबणारी एक गोष्ट निघाली. सुऱ्या लंडनहून आल्या होत्या, आणि ग्रेट ब्रिटनमधील लीगच्या शाखेचा पगारी चिटणीस फ्रँक बर्न ह्याचे नाव त्यात गुंतले. पार्नेलला ह्याची माहिती होती असे कधीच सिद्ध झाले नाही. तरी त्याच्या घराच्या ओसरीपर्यंत ते रक्ताचे शिंतोडे आले होते, हे नाकारून चालणार नाही. निषेध करणाऱ्याने पुष्कळदा आपल्याच कचेरीत कोण बसले आहे हे पाहिलेले नसते.

ह्याच वेळी, 22 फेब्रुवारीस, फॉर्स्टरने कॉमन्स सभेत पार्नेलवर तोफ डागली : तू स्वतः खून केले नाहीस, करविले असेही मी म्हणत नाही, परंतु चळवळीतून गुन्हे उपजत असता तू त्यांकडे डोळेझाक केलीस. नऊ महिन्यांपूर्वी जीव धोक्यात घालण्यास सिद्ध झालेला हाच मनुष्य आता क्रोधाने बोलत होता. सभागृहाने पार्नेलकडे पाहिले. तो बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने उत्तर दिले ते इतकेच की, मी इंग्लिश मताला जबाब देणे लागत नाही. माझा जबाब आयर्लंडच्या लोकांना. इंग्लंड चिडले. आयर्लंडात मात्र वर्गणी सुरू झाली आणि वर्षअखेर 37,000 पौंडांहून अधिक रक्कम त्याला अर्पण करण्यात आली. पोपने नापसंती दर्शविल्यावर तर वर्गणी अधिकच वाढली.

आता हुजूर पक्षाकडे पाहू, कारण ह्या पक्षाची वागणूक सर्वांत बोधक, आणि थोडी विनोदीही आहे. 1882 पासून ग्लॅडस्टनला ‘खुन्यांशी तह करणारा’ म्हणून त्यांनी धारेवर धरले होते. दरम्यान आयरिश-अमेरिकन गुप्त मंडळ्यांनी लंडनमध्ये सुरुंगांचे सत्र चालविले होते. 24 जानेवारी 1885 रोजी टॉवरचा किल्ला, वेस्टमिन्स्टर हॉल व खुद्द कॉमन्सचे सभागृह ह्यांत स्फोट झाले. म्हणजे दहशत संपली होती असे नव्हे. त्याच वर्षी जून महिन्यात ग्लॅडस्टनचे सरकार आयरिश मतांच्या साह्याने पडले व हुजूर पक्षाचे लॉर्ड सॉल्झबरी अधिकारावर आले. 1882 च्या कडक कायद्याची मुदत संपत आली होती. सॉल्झबरीच्या सरकारने तो पुढे चालू ठेविलाच नाही! त्यांना पार्नेलच्या मतांची गरज होती. इतकेच काय, 1 ऑगस्ट 1885 रोजी त्यांचे व्हाइसरॉय लॉर्ड कार्नार्व्हन लंडनमधील एका घरात पार्नेलला गुप्तपणे भेटले. नोव्हेंबरात पार्नेलने इंग्लंडातील आयरिश मतदारांना हुजूर पक्षाला मते देण्यास सांगितले. तीन वर्षे ज्याच्या हाताला रक्त लागल्याचे सांगितले, त्याच्या हातातून मते घेताना कोणालाही ओशाळल्यासारखे झाले नाही.

निवडणुकीत लिबरल 335, हुजूर 249 आणि पार्नेलचे 86 असे सभासद आले. ग्लॅडस्टन आयर्लंडला स्वराज्य देण्यास राजी झाला आणि 8 एप्रिल 1886 रोजी त्याने होमरूल बिल मांडले. त्यावर त्याचाच पक्ष फुटला. बिलाविरुद्ध उभ्या राहिलेल्या लिबरलांचा एक प्रमुख पुढारी होता लॉर्ड हार्टिंग्टन, मृत कॅव्हेंडिशचा भाऊ. 8 जून रोजी 343 विरुद्ध 313 मतांनी बिल पडले. एकाच माणसाच्या मृत्यूचे दुःख ग्लॅडस्टनने आणि भावाने एकत्र सोसले होते. एक त्यातून स्वराज्याकडे गेला, दुसरा विरोधात. हार्टिंग्टनच्या विरोधाला इतरही कारणे होती, आणि ती त्याने सभ्यपणे मांडली. परंतु मते मोजताना फीनिक्स बाग त्याच्या डोळ्यांपुढे आली नसेल, असे कोण म्हणेल?

हुजूर पक्षाला पार्नेलच्या मतांची जरूर उरली नाही, तेव्हा जुने रक्त पुन्हा ताजे झाले. 1887 साली बालफोर आयर्लंडचे मंत्री असताना आणखी एक दडपशाहीचे बिल आले. मार्चपासून लंडनच्या ‘टाइम्स’ने ‘पार्नेलिझम आणि गुन्हे’ ह्या मथळ्याची लेखमाला सुरू केली आणि 18 एप्रिलला, ज्या दिवशी त्या बिलाच्या दुसऱ्या वाचनावर मते पडावयाची होती नेमक्या त्याच सकाळी, एका पत्राची हुबेहूब प्रतिकृती छापली. पत्रावर 15 मे 1882 ही तारीख व खाली पार्नेलची सही. मजकुराचा मथितार्थ असा : आम्हांला खुनाचा जाहीर निषेध करणे भागच होते, लॉर्ड फ्रेडरिकच्या मृत्यूबद्दल मला खेद आहे, परंतु बर्कला जे मिळाले ते त्याच्या लायकीचेच होते.

जाहीरनाम्यातील जी फट मी मघाशी दाखविली, ती येथे उपयोगात आणली होती. बनावट करणारा मूर्ख नव्हता. पार्नेलचे शत्रू पाच वर्षे मनात जे धरून होते, तेच त्याने कागदावर उतरविले. म्हणून इतक्या मोठ्या पत्राला ते तपासून पाहण्याची घाई वाटली नाही. पार्नेलने त्याच रात्री सभागृहात पत्र खोटे असल्याचे सांगितले. पुष्कळांनी अविश्वासाने मान हलविली.

1888 साली तीन न्यायाधीशांचे खास कमिशन नेमण्यात आले. सरकारने चौकशी केवळ पत्रापुरती ठेविली नाही, तर साऱ्या चळवळीची ठेविली. एका माणसाचा निषेध खरा की खोटा हे ठरविण्यासाठी एका राष्ट्राची आठ-दहा वर्षे तपासली गेली. 1889 च्या फेब्रुवारीत रिचर्ड पिगॉट नावाचा एक कर्जबाजारी पत्रकार साक्षीला उभा राहिला. पत्रे त्यानेच ‘टाइम्स’ला मिळवून दिली होती. पार्नेलचे वकील सर चार्ल्स रसेल ह्यांनी त्याच्या हाती कागद देऊन काही शब्द लिहावयास सांगितले. त्यांत ‘हेझिटन्सी’ हा शब्द होता. पिगॉटने त्यात एका अक्षराची चूक केली, आणि तीच चूक त्या बनावट पत्रांपैकी एकात होती. मी चाळीस-चाळीस मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात जन्म घालविला. त्या साऱ्या वर्षांत शुद्धलेखनाचा असा मान झाल्याचे दुसरे उदाहरण मला आढळले नाही. पिगॉट पळाला आणि 1 मार्चला माद्रिद येथे, पोलीस दारात आले असता, त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. ‘टाइम्स’ला पार्नेलला 5,000 पौंड नुकसानभरपाई द्यावी लागली, चौकशीचा खर्च त्याच्या कित्येक पटींनी झाला. त्यानंतर पार्नेल प्रथम सभागृहात बोलावयास उभा राहिला, तेव्हा लिबरल बाकांवरील मंडळींनी उठून त्याचा जयघोष केला. त्यांत ग्लॅडस्टनही होता. पार्नेलच्या चेहऱ्यावर सुरकुतीही हलली नाही म्हणतात.

फेब्रुवारी 1890 मध्ये कमिशनचा अहवाल आला. पत्रे बनावट, खुनांशी पार्नेलचा संबंध नाही, त्याचा 1882 चा निषेध खोटा होता हे म्हणणे निराधार, असे न्यायाधीशांनी लिहिले. पण त्यांनी आणखीही लिहिले. लीगच्या पुढाऱ्यांनी धाकदपटशाला उत्तेजन दिले. त्यातून गुन्हे घडतात हे कळत असूनही ती रीत त्यांनी थांबविली नाही. पार्नेलच्या चाहत्यांनी अहवालाचा पहिला भाग छापला व हुजूर पत्रांनी दुसरा. मला विचाराल तर दोन्ही भाग खरे होते. 6 मे च्या खुनाबद्दल पार्नेल निर्दोष होता. परंतु गावोगावच्या लहान दांडगाईबद्दल जी वाणी 7 मे रोजी उघडली, ती त्यापूर्वी अडीच वर्षे पुरेशी उघडली नव्हती. माझ्या वर्गातील त्या मुलाला मी आज उत्तर देऊ लागलो तर येथून सुरुवात करीन.

पार्नेलला ह्या विजयाचा उपभोग फार दिवस लाभला नाही. 1890 च्या अखेरीस एका घटस्फोटाच्या दाव्यात त्याचे नाव आले, पक्ष फुटला आणि 6 ऑक्टोबर 1891 रोजी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो वारला. त्या दाव्यातील नवरा कॅप्टन ओशे. किल्मेनहॅमच्या बोलण्यांतील मध्यस्थ तोच.

ज्या वाड्याच्या खिडकीतून लॉर्ड स्पेन्सरने ती झटापट पाहिली, तेथे आज आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान आहे. खुनाच्या जागी पुतळा नाही, शिलालेख नाही. रस्त्याच्या कडेला गवत कापून जमिनीतच एक लहानसा क्रूस कोरलेला आहे. माहीत नसेल तर त्यावरून चालत जाणाऱ्याच्या तो ध्यानातही येत नाही.